शिकारबंगल्यातली उष्टी ताटं

१

शिकारबंगल्याचं दार सकाळी मी उघडतो. आधी सगळ्या खिडक्या थोड्या थोड्या उघडायच्या, कारण आत कोंडून राहिलेला वास एकदम अंगावर येतो. जुनी कातडी, डांबराच्या गोळ्या, बंद लाकूड असा तो वास. नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो. मला त्याचं काही वाटत नसे. मग पिसांचा झाडू घेऊन दिवाणखान्यातल्या हरणांच्या मुंडक्यांपासून सुरुवात करायची. शिंगांवरची धूळ आधी, तोंडावरची नंतर. अंगावर दाट केस असलेल्या जनावरांना मऊ ब्रश, तोही केस ज्या बाजूला बसलेत त्याच बाजूला फिरवायचा. उलटा फिरवला की केस उपटून हातात येतात, आणि मग पडलेलं टक्कल काही भरून येत नाही. डोळे काचेचे, ते ओलसर फडक्याने पुसायचे. जीभ प्लास्टरची असते, वरून रंगवलेली. तिला नुसती फुंकर.

दारापाशी एक अस्वल दोन पायांवर उभं आहे. पुढच्या पंजांत पितळी तबक धरलेलं. जुन्या काळी पाहुणे आले की टोप्या आणि हातमोजे त्यात ठेवत असत म्हणे. मी त्याला रावसाहेब म्हणतो. एकट्याचं काम असलं की कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि रावसाहेब उलट उत्तर देत नाहीत.

सगळ्यात शेवटी जेवणघर. तिथे एक लांबलचक मेज आहे. राजाच्या शिकारीनंतरच्या जेवणाला मांडायचे तसंच ते आजही मांडून ठेवलंय. सोनेरी काठाची चिनी मातीची ताटं, सुऱ्या, काटे, पेले, उंच पाठीच्या खुर्च्या. आता इथे संग्रहालय आहे, म्हणून सगळ्याच्या भोवती जाड दोरी, बघणाऱ्यांनी बाहेरून बघावं. तिकडच्या भिंतीत एक बुटकी खिडकी आहे, वर सरकणाऱ्या झडपेची. तिच्या पलीकडे जुनं स्वयंपाकघर, जिथे मी बादल्या आणि फडकी ठेवतो. झडप रंगाने चिकटून बसली होती. ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या सकाळी मी मेजाच्या टोकाच्या मोठ्या खुर्चीपुढचं ताट उचललं आणि बोटं घसरली. ताट तुपकट होतं. उजेडात धरलं तर मधोमध पांढरट चरबी थिजलेली, आणि तिच्यातून कुणी तरी बोट फिरवून चाटून घ्यावं तसा एक पट्टा निघालेला. काठाशी एक आखूड, राठ केस चिकटला होता.

मी ताट खाली ठेवलं आणि हात पँटीला पुसले. मग पुसलेल्या जागेचीच किळस आली.

२

पहिला विचार जावयांचाच आला, आणि तो यायला कारण होतं.

माझे जावई याच बंगल्यात पहारेकरी आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बंगल्याची माहितीही तेच देतात. मागच्या अंगाला नोकरांच्या दोन खोल्या आहेत, त्यांत लेक, जावई आणि मी असे राहतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पोरीला दिवस राहिले. आनंद झाला, पण तो पुरता करताच आला नाही. तिच्या पोटात अन्न ठरेना. पाणी प्यायली तरी उलटून पडे. घरात फोडणी दिली की ती नाकाला पदर लावून बाहेर पळायची, म्हणून आम्ही चूल पेटवणंच बंद केलं. शेजारीण आम्हा दोघा पुरुषांचे डबे भरून देई. ते आम्ही बंगल्यात न्यायचे आणि तिच्या नजरेआड खायचे. हातपाय काड्यांसारखे झाले होते पोरीचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की ही खायला लागली नाही तर बाळ राहणार नाही, आणि हिचंही मी काही सांगू शकत नाही. तिची आई असती तर तिला काही सुचलं असतं. मी आपला रोज विचारायचो, पोरी, काय आणू? ती मान हलवायची.

तर दुपारच्या सुट्टीत बंगला बंद असतो. मी मागच्या झाडाखाली डबा खातो आणि तिथेच आडवा होतो. जावई कुठे बसून खातात ते मी कधी विचारलं नव्हतं. ताट पाहिलं आणि म्हटलं, हं, राजाच्या ताटात डबा ओतून घेतात वाटतं. तरुण माणूस आहे, थट्टेखोर आहे, कुणी बघत नाही म्हटल्यावर मोठ्या खुर्चीत बसून बघावंसं वाटलं असेल.

आता जावयाला हे बोलायचं कसं? पोटचा मुलगा असता तर कान धरला असता. जावयाला ताटाबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्या खाण्याबद्दल बोलणं झालं, आणि तेही घरात चूल बंद असताना. मी बादलीत गरम पाणी घेतलं, राखेने ताट घासलं, पुसलं आणि होतं तसं मांडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचंही ताट तुपकट होतं.

३

मग ते रोजचंच झालं. आधी टोकाची दोनचार ताटं, मग दोन्ही बाजूंची. मी काही न बोलता घासत राहिलो. एकटा माणूस इतक्या ताटांत जेवेल कसा, हे मनात येत होतं. पण मी मनाला सांगत होतो की मित्रमंडळी बोलावत असतील. जावयांचा स्वभाव मोकळा, चार माणसं जमवायची आवड. मनाला समजवायचं म्हटलं की ते बिचारं फार कुरकुर करत नाही.

घासताना मात्र कळायचं. ही आपल्या जेवणाची चरबी नव्हती. विझलेल्या दिव्याच्या वातीला येतो तसा वास, त्यात ओल्या कुत्र्याचा, आणि मागाहून काही गोडसर. हात तीनतीनदा धुतले तरी नखांत राहायचा. एकदा ताटाला एक पिवळी, वाकडी कपची चिकटलेली निघाली. मला वाटलं खवला असेल. अंगठ्यावर घेऊन बघितली आणि माझ्याच अंगठ्याच्या नखावर ती बरोबर बसली. मी ती मोरीत टाकली आणि वरून पाणी ओतत राहिलो. दुसऱ्या एका ताटात केसांचा झुपका होता, मेण लावून टोकदार वळलेला. दिवाणखान्यात जुन्या शिकारी मंडळींचा एक मोठा फोटो आहे, त्यात सगळ्यांच्या मिशा तशा आहेत. ते मला तेव्हा नको असताना आठवलं.

जावई पाहुण्यांना बंगल्याची गोष्ट सांगत असले की मी शेजारच्या खोलीत झाडत ऐकायचो. ती मला पाठ आहे. राजाने हा बंगला फक्त शिकारीच्या दिवसांपुरता बांधला. संध्याकाळी शिकार मोजली जाई आणि मग जेवण. पण राजाला आणि त्याच्या मंडळींना खाताना कुणी पाहिलेलं चालत नसे. नोकरांनी मेज मांडायचं, दारं ओढून घ्यायची आणि स्वयंपाकघरात गप्प बसायचं. जे द्यायचं ते त्या खिडकीतून द्यायचं, आणि उष्टी ताटं त्याच खिडकीतून बाहेर यायची. घासलेली ताटं पुन्हा आत गेली की पुढचं जेवण. असं म्हणे दिवस दिवस चाले. पुढे एका वर्षी मंडळी शिकारीला आली आणि त्यानंतर बंगल्याला कुलूप लागलं, ते सरकारने संग्रहालय करेपर्यंत निघालं नाही. इथे जावई थांबायचे आणि डोळे मिचकावून म्हणायचे, "काय खात होते कोण जाणे, पण आमच्या सासऱ्यांइतकं लखलखीत ताट तेव्हाही कुणी घासलं नसेल." पाहुणे हसायचे. मीही झाडू थांबवून हसायचो.

त्याच सुमाराला कातडीवाला येऊन गेला. भरलेल्या जनावरांची उसवलेली शिवण बघायला तो वर्षाकाठी येतो. बोलका माणूस. मी त्याला सहज म्हणून विचारलं, की रावसाहेबांच्या तोंडाशी ब्रश हल्ली चिकट होतो, तो का? तो म्हणाला, जुनी कातडी उन्हाळ्यात चरबी सोडते, त्यात काही नवल नाही. ऐकून मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बघ, उगीच घाबरतोस. जेवणघरातही भिंतीवर मुंडकी आहेत, त्यांतून चरबी गळते, ताटांत पडते, केस पडतात, झालं.

मग त्याने रावसाहेबांच्या पोटाची शिवण बघायला हात लावला आणि तसाच थांबला. दोन्ही हातांनी पोट चाचपलं. जेवण झालेल्या माणसाचं असतं तसं ते गच्च होतं, शिवणीचे टाके मांसात रुतावे तसे रुतलेले.

"म्हातारबा," तो म्हणाला, "यात मी पेंढा भरला होता. तुम्ही काय चारता याला?"

थट्टाच होती ती. पण तो स्वतः हसला नाही. हात धुवायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी चहा न घेताच गेला.

४

त्या संध्याकाळी आम्ही खोलीत बसलो होतो. लेक भिंतीला टेकून, पायांवर पांघरूण घेऊन. तिने एकदम नाक मुरडलं आणि म्हणाली की तुम्हा दोघांच्या अंगाला हल्ली कसला तरी वास येतो, बाहेरून आलात की आधी हातपाय धुऊन या. मी खाली बघितलं. जावई हसले, थोडं अवघडून, आणि माझ्याकडे वळले.

"मामा, रागावू नका, एक बोलू का? तुम्ही बसा हो त्या खुर्चीवर. कोण बघतंय? फक्त हाडं तेवढी मेजाखाली टाकू नका. मुंग्या लागतात."

मला कळेना. "कसली हाडं?"

"अहो, मी काही बाईंना सांगायला जाणार नाही," जावई म्हणाले. बाई म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या मुख्य बाई. "दुपारची सुट्टी संपवून आलो की खुर्च्या मागे सरकलेल्या असतात, त्या मी आत ढकलतो, खालचं झाडून काढतो. ताटांना हात लावत नाही, ती तुम्ही सकाळी घासताच. उतारवयात एकेकाला खावंसं वाटतं. त्यात काय एवढं."

मी म्हणालो, "मी तुमची म्हणून घासतो."

जावयांचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मी झाडाखाली जेवतो. ते फाटकापाशी, पहाऱ्याच्या चौकीत जेवतात. हे एकमेकांना सांगायला आम्हाला थोडासाच वेळ लागला. इतके दिवस मी त्यांचा मान राखत होतो आणि ते माझा. मी ताटं घासून मांडत होतो, ते खुर्च्या नीट लावत होते, आणि रोज दुपारी मेज पुन्हा तयार होत होतं.

"मग तिथे जेवतं कोण?" लेकीने विचारलं.

 मग जावई म्हणाले की बाहेरचं कुणी तरी चावी करून घेतलेलं असणार, भुरटे लोक. मीही म्हणालो की तेच असणार. उद्या बंगल्याला साप्ताहिक सुट्टी होती. ठरलं असं की ताटं आजची आहेत तशी उष्टीच ठेवायची, उद्या दुपारी दोघांनी स्वयंपाकघरात बसायचं, आणि कोण येतं ते बघायचं. बाईंना तोवर काही कळवायचं नाही. कारण कळवलं तर पहिला प्रश्न हाच येईल की इतके दिवस तुम्ही दोघे काय करत होता.

५

दुपारी ऊन चांगलं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. मी बादलीवर बसलो, जावई जुन्या ओट्यावर. जेवणघराचं दार आम्ही बाहेरून कडी लावून आलो होतो. जावयांनी हातात काठी घेतली होती आणि हळू आवाजात मला सांगत होते की चोर सापडला तर त्याच्याकडून ताटं घासून घेऊ, तुमचे हात मोकळे होतील.

पहिल्यांदा आवाज आला तो खुर्चीचा. लाकडी पाय फरशीवरून मागे सरकतो तसा. मग दुसरी, मग तिसरी. घाई नव्हती. लोक जेवायला बसतात तेव्हा बोलतात, खाकरतात, पण इथे नुसत्या खुर्च्या सरकत होत्या. नंतर सगळं गप्प झालं, आणि त्या गप्पपणात श्वास ऐकू येऊ लागले. जाड, ओले, पुष्कळांचे. खूप वेळ ताटकळलेले लोक घेतात तसे.

मी जावयांकडे बघितलं. ते झडपेकडे बघत होते.

झडप वर सरकत होती. रंगाचे पोपडे तुटून ओट्यावर पडत होते. वीतभर फट झाली आणि आतून तो वास आला, ताटांना यायचा तोच, पण गरम. माझ्या तोंडात पाणी भरून आलं, उलटी व्हायच्या आधी येतं तसं. मी तोंडावर हात दाबला. फटीतून एक ताट बाहेर आलं. कालचं उष्टं ताट. ते सावकाश आमच्या बाजूला सरकवलं गेलं, ओट्याच्या काठापर्यंत. त्याच्यामागे पांढऱ्याशुभ्र कापडाची, कडक खळ घातलेली बाही दिसली. तिच्या टोकाला सोन्याची गुंडी होती. आणि बाहीतून पुढे आलेलं जे होतं त्यावर केस होते, दाट, काळे, एका बाजूला नीट बसवलेले. ते मी ओळखले. रोज सकाळी त्याच बाजूला मी ब्रश फिरवतो.

एवढंच दिसलं. माणसाचा हात होता की नव्हता, हे मला विचारू नका. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा जावयांनी काठी ठेवली होती आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं होतं. कुणी वडीलधाऱ्या माणसाने काही दिलं की घेतो तसं, किंचित वाकून. ताट चाटूनपुसून साफ होतं, फक्त मधोमध एक तुकडा ठेवलेला होता. विसरून राहिलेला नव्हता तो. नोकरासाठी ठेवतात तसा, मुद्दाम. तांबूस, कडेला पांढरी चरबी, आणि एका बाजूला दातांचे ठसे. कुणाचा तरी उष्टा.

मी नाही म्हणायच्या आत जावयांनी तो उचलून तोंडात टाकला.

ते चावत राहिले. त्यांच्या कानाखालचा भाग हलत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पलीकडे श्वास थांबले होते, ऐकत असल्यासारखे. जावयांनी गिळलं, तेव्हा झडप हळूच खाली आली.

मी म्हणालो, "जावईबापू, थुंका ते."

ते म्हणाले, "दिलेलं परत कसं करायचं, मामा?"

मग त्यांनी ताट बादलीत बुडवलं आणि घासायला घेतलं.

६

आम्ही इथून जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण पोरीला उठवून बसवायचं तर दोघांनी धरावं लागत होतं. तिला घेऊन कुठे जाणार? डॉक्टरीणबाईंनी तिला हलवू नका असं बजावलं होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उभं राहिल्यावर सगळं इतकं खोटं वाटलं. मी स्वतःलाच विचारत होतो की म्हाताऱ्या, तू डोळे तरी नीट उघडले होतेस का? चरबीचा वास डोक्यात गेला असेल. माणसाला वासाने भ्रम होतो, असं मी ऐकलंय.

जावयांमध्ये फरक पडला तो चांगलाच म्हणायचा. रंग उजळला, गाल भरले. पाहुण्यांना गोष्ट अधिक रंगवून सांगू लागले. शेजारणीचा डबा मात्र भरलेला परत येऊ लागला. विचारलं तर म्हणायचे, भूक नाही मामा, जेवलोय. दुपारच्या सुट्टीत ते आता स्वयंपाकघरात जात आणि आतून दार लावून घेत. ताटं मला घासावी लागत नव्हती. सकाळी जाऊन बघावं तर मेज लखलखीत मांडलेलं. बाईंनी एकदा येऊन सोनेरी काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की असं काम हवं.

मी ब्रश फिरवताना आता रावसाहेबांच्या तोंडाकडे बघत नाही. पण एकदा ब्रशचा दांडा चुकून जिभेला लागला. प्लास्टर टक असं वाजतं. ते वाजलं नाही. दांडा रुतला, आणि मी ओढला तेव्हा मागे एक लांब तार आली, लाळेची.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत झाडाखालीच बसून राहिलो. 

७

संध्याकाळी खोलीत गेलो तर जावई विहिरीवर अंघोळीला गेले होते आणि लेक उठून बसलेली होती. स्वतःहून, कुणी न धरता. तिची पाठ माझ्याकडे होती. मला एवढा आनंद झाला की मी दारातच थांबलो. मग दिसलं की तिने जावयांचा अंगातून काढलेला सदरा हातात घेतला होता. कॉलर तोंडाशी धरली होती. मला वाटलं, वास बघते आहे. ती वास बघत नव्हती. कॉलर तिच्या तोंडात होती आणि ती चोखत होती, लहान मूल दुपट्याचं टोक चोखतं तशी, डोळे मिटून. तुपकट डाग पडलेला भाग संपला की ती कापड फिरवून पुढचा भाग तोंडात घेई.

"पोरी," मी म्हणालो.

ती दचकली नाही. हनुवटी पुसली आणि माझ्याकडे बघून हसली. कित्येक दिवसांनी हसली.

"बाबा, हेच खावंसं वाटतंय," ती म्हणाली. "यांना मागितलं तर देत नाहीत. म्हणतात, तुला नको ते. तुम्ही आणाल थोडं?"

मी रोज विचारत होतो की पोरी, काय आणू. आज तिने सांगितलं होतं. तिचे डोळे आत गेलेले, मनगटाची हाडं वर आलेली, आणि त्या चेहऱ्यावर हावरेपणाची अशी चमक की मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, बघतो.  मग मी डबा घेतला, आतून बाहेरून घासला आणि वाळायची वाट न बघता फडक्याने कोरडा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झडपेपुढे उभा राहिलो. जावयांनी मला बघितलं, डबा बघितला, आणि बाजूला झाले. त्यांच्या तोंडावर लाज होती की हेवा होता, मला सांगता येत नाही. मी डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढून. काय मागायचं, कसं मागायचं, मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणालो की माझी लेक पोटुशी आहे.

पलीकडचे श्वास जवळ आले. मी मान खाली घालून उभा राहिलो. डबा आत ओढला गेला आणि परत आला तेव्हा जड होता.

तिने बोटांनी खाल्लं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, पण आवाज कुठे जाणार. हाडाचं चोखणं, चरबीचं चपचप, मधेच समाधानाचा उसासा. एकही घास उलटला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मी रोज डबा नेतो, रोज भरून येतो. तिच्या गालांवर लाली आली आहे. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासून सांगितलं की बाळ अंग धरतंय, आता काळजी नको, काय चारताय ते चारत राहा.

काल ती अंथरुणावर पडली होती, ओठ चकाकत होते. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बाबा, हात ठेवा ना. बघा कसं हलतंय."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. बाळ लाथ मारतं ती कशी लागते हे मला ठाऊक आहे. हीच पोर तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा मी असाच हात ठेवून बघायचो. ही लाथ नव्हती. तळहाताखाली काही तरी सावकाश वरखाली होत होतं, एका लयीत, थांबून थांबून, पुन्हा. चघळल्यासारखं. आणि मधेच एकदा गिळल्यासारखं.

लेक माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणतो याची वाट बघत. तिला वाईट वाटलं असतं, म्हणून मी हात काढून घेतला नाही.